दाऊदभाईंच्या नावावरचं वाक्य

"मॅडम, आप ही पढ़के सुनाइए," असं म्हणून वर्गीसनी कागद माझ्याकडे सरकवला.

एचआरची छोटी मीटिंग रूम होती. टेबलाच्या पलीकडे दाऊद परकार बसले होते. आमचे पाइपफिटर. वय पन्नाशीच्या पुढे, ओमानमध्ये सतरा वर्षं झालेली. साइटवरून थेट आणल्यामुळे अंगात कव्हरॉल तसाच, मांडीवर हेल्मेट. वर्गीस एचआर मॅनेजर. मी मिनिट्स लिहायला आणि लागलंच तर भाषांतर करायला. कागदावर दाऊदभाईंच्या नावाखाली इंग्रजीत एक पान छापलेलं होतं आणि त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती.

ते वाक्य माझं होतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

मी डॉक्युमेंट कंट्रोलर होते. हे काम काय असतं हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते. मोठ्या बांधकामावर हजारो ड्रॉइंग्ज असतात आणि ती सारखी बदलत असतात. प्रत्येक बदलाला नवा नंबर मिळतो, त्याला रिव्हिजन म्हणतात. साइटवरच्या माणसाच्या हातात शेवटची रिव्हिजन आहे ना, हे बघायचं. जुनीवर 'सुपरसीडेड' असा शिक्का मारायचा आणि ती फाइलला लावायची. जुनी रिव्हिजन कधीही फेकायची नाही, कारण उद्या भांडण झालं तर कोणी काय आणि कधी बदललं याचा तोच पुरावा असतो. या कामात हुशारी लागत नाही. इमान लागतं.

कंपनी पाण्याच्या पाइपलाइन टाकायची. ऑफिस मस्कतमध्ये अल घुब्राला, मजुरांचा कॅम्प अल खौदच्या मागे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आमचे जनरल मॅनेजर मिस्टर हॅरिस इंग्लंडहून सुट्टीवरून आले ते एक कल्पना घेऊन. तेव्हा ब्लॉग नवीन होते. हॅरिसना कंपनीची एक ऑनलाइन डायरी हवी होती. एकानं लिहायची नाही, सगळ्यांनी. आज इंजिनिअर, उद्या ड्रायव्हर, परवा कॅम्पचा स्वयंपाकी. प्रत्येकानं आपला दिवस सांगायचा.

"आणि ही चालवणार कोण?" मी विचारलं.

"कागद सांभाळणारी बाई," ते हसून म्हणाले.

आयटीवाल्यानं कंपनीच्या वेबसाइटला एक पान जोडून दिलं. पासवर्ड माझ्याकडे आला. सुरुवातीला नुसता वैताग होता. इंजिनिअर लोक 'आज काँक्रीट झालं, उद्या टेस्टिंग' एवढंच पाठवत. फोरमन 'मॅडम, यल्ला, चला, तुम्हीच काहीतरी लिहा' म्हणून मोकळे होत. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे जवळजवळ सगळा कॅम्प, त्यांच्यासाठी मी दर गुरुवारी दुपारी तिथे जायचे. मेसच्या एका टेबलावर बसायचे. माणसं एकेक करून येत, हिंदीत बोलत, मी वहीत उतरवून घेई. ऑफिसात येऊन आधी ते जसंच्या तसं रोमन लिपीत टाइप करी आणि मग त्याचं इंग्रजी करी. ते सॉफ्टवेअर प्रत्येक पानाच्या सगळ्या रिव्हिजन्स जपून ठेवायचं. मला ते फार आवडलं होतं.

इंग्रजी करता करता मी सुधारायला लागले. आधी व्याकरण. मग एखादं कंटाळवाणं वाक्य काढून टाकलं. मग दोन वाक्यांचं एक केलं. एका बिहारी वेल्डरचं पान हॅरिसनी क्लायंटच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. परत येऊन म्हणाले, "वैशाली, तुमच्या हातात काहीतरी आहे." अकरा वर्षांत शिक्का मारण्याबद्दल मला कोणी असं म्हटलं नव्हतं. लोक ऑफिसात सकाळी आल्यावर मेलच्या आधी डायरी उघडायला लागले. दहावीतली माझी मुलगी सुद्धा वाचायची. "मम्मा, धिस इज सो कूल. तू हे सगळं... काय म्हणतात... बनवते का?" तिचं मराठी असंच अडखळत यायचं.

"नाही गं, ते बोलतात. मी फक्त लिहिते," मी म्हटलं. आणि मला ते खरं वाटत होतं.

दाऊदभाईंची पाळी आली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट भेटले. मी कांबळे, मूळची नागपूरची, हे कळल्यावर त्यांनी हिंदी सोडून दिली. ते दापोलीजवळच्या खाडीकाठचे. मला 'बाय' म्हणायला लागले, कोकणात लेकीबाळीला म्हणतात तसं. माणूस बोलका नव्हता. एक वाक्य बोलून बराच वेळ थांबायचा. घरी बायको, एक मुलगी, मुलगी कॉलेजात शिकते, चार बकऱ्या आहेत, विहिरीचं पाणी गोड आहे. मग कॅम्पबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले:

"कॅम्पातला पानी जरा खारट लागता, बाय. टँकरवाला कधी कुठला भरून आनतो काय म्हायती. चाय नीट होत नाय. बाकी सगळा बरा हाय. कंपनी चांगली हाय."

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. त्यांना दुपारच्या पाळीला जायचं होतं. मी वहीत लिहिलेलं घाईघाईनं वाचून दाखवलं, ते मान डोलावून गेले.

शनिवारी ऑफिसात बसून मी ते आधी जसंच्या तसं टाइप केलं. ती पहिली रिव्हिजन. मग इंग्रजी करायला घेतलं. पाणी खारट, चहा बिघडतो, बाकी बरं. यात काही दम नव्हता. आम्ही पाण्याची लाइन टाकतो आणि आमच्याच माणसांना खारट पाणी, हा विरोध तर समोर पडलेला होता, फक्त त्यांना तो मांडता आला नव्हता. मी मांडला. 'दिवसभर आम्ही मस्कतला गोडं पाणी नेणारे पाइप जोडतो. संध्याकाळी परत येऊन जे पाणी पितो, ते मी माझ्या घरी बकऱ्यांनाही पाजलं नसतं.' आणि 'कंपनी चांगली हाय' हे काढून टाकलं, कारण त्यानं वाक्याचा जोर जात होता. खाली नाव टाकलं, दाऊद परकार, पाइपफिटर. बटण दाबलं.

मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं नुसतं चुकून झालं असं वाटेल.

मला माहीत नव्हतं ते एवढंच की त्याच आठवड्यात हॅरिसनी डायरीची लिंक क्लायंटला पाठवली होती. लाइनच्या दुसऱ्या टप्प्याचं टेंडर यायचं होतं आणि आमची माणसं किती मोकळेपणानं बोलतात हे त्यांना दाखवायचं होतं. क्लायंटकडचा ओमानी इंजिनिअर सरळ माणूस होता. त्यानं ते पान वाचलं आणि दोन ओळींचं पत्र पाठवलं. कॅम्पच्या पाण्याचा टेस्ट रिपोर्ट पाठवावा, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही कॅम्प बघायला येतो.

रिपोर्ट नव्हताच. पाण्याची टेस्ट कोणी कधी केलीच नव्हती.

हॅरिसनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. ओरडले नाहीत.

"वैशाली, हे बकऱ्यांचं. तो खरंच असं म्हणाला? नीट आठवून सांगा. भाषांतरात काही इकडचं तिकडे झालं असेल तर आत्ता सांगा, मी क्लायंटला तसं कळवतो. पण तो म्हणाला असेल तर मला त्याच्याशी बोलावं लागेल. क्लायंटपुढे असं नाही चालत."

खरं सांगायचं दार मात्र उघडं होतं. त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं की सर, वाक्य माझं आहे.

माझ्या नवऱ्याची कंपनी त्या वर्षी बंद पडली होती. आम्ही तिघं माझ्या व्हिसावर होतो. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला टेबलावर पडलेलं. ही कारणं आहेत. कारणं सगळ्यांकडे असतात. दाऊदभाईंकडे सुद्धा होती.

"हो सर," मी म्हटलं. "असंच म्हणाले."

"ठीक आहे. त्या पानाचं जे काही असेल ते सगळं मला प्रिंट करून द्या."

मी जागेवर आले. ते पान उघडलं. बाजूला 'हिस्टरी' असा शब्द होता, त्यावर क्लिक केलं की सगळ्या रिव्हिजन्स दिसत. पहिलीत दाऊदभाईंचे शब्द होते, खारट पाणी, चाय, कंपनी चांगली हाय, सगळं, तारीख-वेळेसकट. दुसरीत माझे. मधला बदल करणाऱ्याचं नाव, वैशाली कांबळे. ऑफिसात सगळे कामात होते. मी जुनी रिव्हिजन निवडली आणि डिलीट केली. 'खात्री आहे का' असं सॉफ्टवेअरनं विचारलं. मी हो म्हटलं. वहीतलं पान फाडून श्रेडरमध्ये घातलं. अकरा वर्षांत मी एकही जुनं ड्रॉइंग फेकलं नव्हतं. मग प्रिंट काढून हॅरिसना दिला.

घरी अल हैलला गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्यानं उठून मुलीच्या खोलीचं दार लोटलं. मग म्हणाला, "आत्ता काही बोलू नकोस. मार्च जाऊ दे."

"मार्चपर्यंत तो माणूस इथे नसेल."

"तू बोललीस तर आपण नसू," तो म्हणाला.  मला तेच ऐकायचं होतं.

तर, मीटिंग रूम. मी कागद उचलला आणि माझं वाक्य हिंदीत वाचून दाखवलं.  बकऱ्यांसकट.

दाऊदभाईंनी कागदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग मराठीत म्हणाले, "बाय, ह्या असा मी बोल्लो?"

मी मिनिट्सच्या कागदावर तारीख घातली.

"क्या बोलता है?" वर्गीसनी विचारलं.

"पूछ रहे हैं, उन्होंने ऐसा बोला क्या," मी म्हटलं.

"वही तो मैं पूछ रहा हूँ!" वर्गीस त्यांच्याकडे वळले. "परकार, तुमने बोला कि नहीं बोला?"

दाऊदभाई अजून माझ्याकडेच बघत होते. हेल्मेट मांडीवरून टेबलावर ठेवलं. मग सावकाश हिंदीत म्हणाले, "मॅडम ने लिखा है, तो मैंने बोला होगा. मॅडम झूठ क्यों लिखेगी."

"खलास," वर्गीस म्हणाले. "मॅडम, लिख लीजिए. ही अ‍ॅडमिट्स."

मी लिहिलं.

त्यांना काढलं नाही. कागदावर कोणालाच काढत नसत. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पुढे वाढवलं नाही, एवढंच. पण एनओसीही दिली नाही. एनओसी म्हणजे अर्बाबचं, मालकाचं, ना-हरकत पत्र. ते नसेल तर दोन वर्षं ओमानमध्ये दुसरीकडे नोकरीला येता येत नसे. आणि पन्नाशीच्या फिटरला दोन वर्षांनी कोण बोलावणार.

जाण्याआधी प्रत्येकाला क्लिअरन्स फॉर्म घेऊन सगळ्या डिपार्टमेंटमधून फिरावं लागतं. स्टोअरनं सही करायची की हत्यारं परत मिळाली, कॅम्प बॉसनं करायची की गादी-चावी परत मिळाली. डॉक्युमेंट कंट्रोलची सही, की याच्याकडे कंपनीचं ड्रॉइंग राहिलेलं नाही. दाऊदभाई माझ्या टेबलापाशी आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी सही केली.

"बाय, एक काम हाय," ते म्हणाले. "माझ्या नावाचा तो कागद हाय ना, डायरीतला. त्याची कॉपी मिळंल? पोरगीला विंग्रजी येता. बापाचा नाव छापून आला होता, तिला दाखवीन."

त्या मीटिंगमधला प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

"ते पान काढून टाकलंय, दाऊदभाई. आता नाही मिळणार."

"बरा," ते म्हणाले. फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. "सांभाळून ऱ्हा." आणि पुढच्या सहीसाठी अकाउंट्सकडे गेले.

कॅम्पचं काय झालं, तेही सांगायला हवं. क्लायंट बघायला येणार म्हणून चार दिवसांत नवी टाकी बसली. टँकरवाला बदलला. पाण्याचा रिपोर्ट दर महिन्याला यायला लागला, आणि तो फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. पाणी खरंच सुधारलं. पुढच्या गुरुवारी मी कॅम्पवर गेले तर मेसमध्ये लोकांनी मला चहा पाजला. "मॅडम की डायरी से पानी आया," असं एक जण दुसऱ्याला सांगत होता. तो बिहारी वेल्डरही तिथे होता. चहा चांगला झाला होता. मला तो जात नव्हता, पण संपवावा लागला, कारण सगळे बघत होते.

दुसऱ्या टप्प्याचं टेंडर कंपनीला मिळालं. हॅरिसनी प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड टाकली होती, 'आम्ही आमच्या माणसांचं ऐकतो'. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. सोबत कौतुकाचं पत्र. मुलीला बोर्डात चांगले मार्क मिळाले.

डायरी मात्र मेली. नावापुरती आणखी दीड वर्ष चालली. प्रत्येक पान आता आधी वर्गीसकडे जायचं. पण त्याची गरज नव्हती. कॅम्पवर माणसं माझ्यासमोर बसत, वहीकडे बघत आणि म्हणत, "लिखिए मॅडम, सब अच्छा है." मी विचारायचे, घरची आठवण येते का? "सब अच्छा है." काम कसं चाललंय? "इन्शाल्ला, अच्छा है." चहा पाजणारे हेच लोक. पाणी कुणामुळे आलं हे त्यांना माहीत होतं आणि दाऊद कुठे गेला हेही माहीत होतं. दोन्ही त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. हॅरिसची बदली झाली तेव्हा नव्या मॅनेजरनं पान बंद करायला सांगितलं. कोणी विचारलंसुद्धा नाही.

काही वर्षांनी मी ओमान सोडलं. सोडण्याआधी कॅम्पमधल्या एका कोकणातल्या सुताराकडून दाऊदभाईंचा नंबर मिळवला होता, पण लावला नव्हता. पुण्याला आल्यावर एका सकाळी लावला. त्यांच्या मुलीनं उचलला, मग ते आले. ओळख द्यावी लागली नाही. तब्येत, मुलीचं लग्न ठरलंय, असं थोडं बोलणं झालं. मग मी एका दमात म्हटलं, "दाऊदभाई, ते बकऱ्यांचं वाक्य तुमचं नव्हतं. ते मी घातलं होतं."

"म्हायती हाय," ते म्हणाले.

"माहीत होतं? तेव्हा?"

"मंग? मला काय यवढा बोलता येता?" ते थोडं हसले असावेत. "बकऱ्या माज्या, पर बोलना तुजा."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? वर्गीससमोर?"

ते थांबले.  

"मला वाटला, तू बोलशील," ते म्हणाले.

मी माफी मागितली. ते "बरा, बरा" म्हणाले, तोंडदेखलं नव्हे, पण माफ केलं असंही नाही. दारात कोणीतरी आलं होतं, त्यांनी फोन ठेवला. नंतर मी लग्नाला आहेर पाठवला. तो परत आला नाही आणि पोचल्याचं कळवलंही नाही.

आता मी रिटायर झाले आहे. एका संस्थेत नव्या मुलामुलींना डॉक्युमेंटेशन शिकवते. शेवटच्या तासाला सांगते, की दुसऱ्याच्या नावावर काही लिहिलंत तर त्याला त्याच्या भाषेत, अखेरच्या शब्दापर्यंत, वाचून दाखवा. बदल केला असेल तर तोही दाखवा. मगच त्याचं नाव घाला. याला पाच मिनिटं लागतात. आणि वरून विचारणा झाली तर आपलं काय ते आधी आपण सांगा, समोरचा सांगेल म्हणून थांबू नका.

मुलं हे वहीत नीट उतरवून घेतात. काही जण अधोरेखितही करतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. नियम मलाही पाठ होते.